सात क्रियापदांचा मेनू

धुळ्यातल्या ज्या महाविद्यालयात मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवलं, तिथे मला टेबल नव्हतं. कॉम्प्युटरच्या खोलीत दाराजवळ लॅब अटेंडंटचं एक टेबल होतं, त्याच्या डाव्या कडेला मी पर्स आणि हजेरीपट ठेवायची. ज्यांचं ते टेबल होतं त्यांना सगळे चाचा म्हणत. विद्यार्थी म्हणत, प्राध्यापक म्हणत, प्राचार्यही म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे. नोकरीला लागण्याआधी त्यांचं गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ दुरुस्त करून घ्यायचं सोडलं तेव्हा ते दुकान बंद झालं आणि चाचा कॉलेजात शिपाई म्हणून लागले. उघड्या यंत्राला ते नेहमी बोटांच्या मागच्या बाजूनं हात लावत. "करंट असला तर बोट मिटतं, मॅडम, पकडून बसत नाही," हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

खोलीत पंचवीस कॉम्प्युटर होते, सगळे जुने. त्यांच्यावरच्या विकतच्या सिस्टीमची मुदत संपली आणि कॉलेजनं ती वाढवली नाही. वरून आदेश आला, फुकट मिळते ती टाका. त्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि चाचांनी मिळून पंचवीसही कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. सुटीत तास नसतात, त्यामुळे मला त्या कामाचं काहीच मिळणार नव्हतं. तरी मी गेले. पुढेमागे जागा निघेल, तेव्हा हे कुणाच्या तरी लक्षात असेल, असं मला वाटत होतं.

लिनक्सबरोबर विज्ञानाच्या प्रोग्रॅमचा एक मोठा गठ्ठा मिळाला. गणिताचे, रसायनाचे, आकाशातले तारे दाखवणारे, नकाशे करणारे, आकडेवारीचे. आम्ही हावरटासारखे सगळेच टाकले. चौसष्ट झाले. मेनू उघडला की 'विज्ञान' या एका शब्दाखाली चौसष्ट नावांची शेपटी खाली लोंबायची, आणि नावंही अशी की वाचून काही कळू नये. कशाची सुरुवात एक्सनं, कशाची केनं, काही नुसतीच आद्याक्षरं. सिस्टीमला ज्यांचं काय करावं हे समजलं नाही ते प्रोग्रॅम तिनं 'इतर' नावाच्या कप्प्यात टाकून दिले होते.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. दुसऱ्या वर्षाच्या एका प्रॅक्टिकलला मी बाकांमधून फिरत होते. शिंदखेड्याकडून एसटीनं येणारी एक मुलगी शेवटच्या कॉम्प्युटरवर खाली मान घालून काम करत होती. जवळ जाऊन पाहिलं तर ती चित्रं रंगवायच्या प्रोग्रॅममध्ये माउसनं रेघ रेघ ओढून आलेख काढत होती. अक्षावरचे आकडेसुद्धा हातानं लिहिले होते. दोन तासांतले दीड तास तिनं त्यात घातले होते.

"हे काय? आलेखाचा प्रोग्रॅम का नाही उघडलास?"

"माले नाव सापडनं नही, मॅडम."

"मग विचारायचं ना!"

माझा आवाज चढला होता. तिनं वही मिटली. बाजूच्या दोघी हसल्या. ती मुलगी गेल्यावर चाचा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तिनं विचारलं होतं, मॅडम. मला विचारलं होतं. मलाही नाव आठवलं नाही."

त्या संध्याकाळी मी ठरवलं, हा मेनू नीट लावायचा. करायला अवघड नव्हतं. प्रत्येक प्रोग्रॅममागे मजकुराची एक लहानशी फाईल असते. तो कोणत्या प्रकारात मोडतो हे सांगणारी एक ओळ तिच्यात असते. ती ओळ बदलली की प्रोग्रॅम मेनूत घर बदलतो. त्याचं नाव मराठीत लिहायलाही एक ओळ असते, ती बहुतेक फायलींत रिकामीच होती. प्रश्न एवढाच होता की घरं कोणती करायची.

मी शिकलेली बाई. मी विषयांची घरं केली. भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पती, प्राणी, भूगोल. चाचांनी जुन्या जर्नलांची पुठ्ठ्याची कव्हरं कापून चौसष्ट चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एक नाव. आम्ही त्या प्रॅक्टिकलच्या लांब टेबलावर मांडल्या. चिठ्ठ्या उडतात म्हणून पंखा बंद करावा लागला. पाऊस लांबला होता, आणि धुळ्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. घाम चिठ्ठ्यांवर टपकत होता आणि मी एकच चिठ्ठी या ढिगातून त्या ढिगात हलवत होते. आलेखाचा प्रोग्रॅम कुणाचा? भौतिकवाल्यांना लागतो, रसायनवाल्यांना लागतो, माझ्या मुलांना तर रोज लागतो. तीन ठिकाणी ठेवला तर यादी पुन्हा लांबच. चार दिवस हे चाललं.

पाचव्या दिवशी चाचा म्हणाले, "मॅडम, एक बोलू का? माझ्या दुकानात रेडिओ घेऊन येणारा माणूस कधी 'कंडेन्सर बदला' म्हणायचा नाही. तो म्हणायचा, खरखर येते. आवाज बसलाय. स्टेशन लागत नाही. मी दुकानात फळ्या लावल्या होत्या त्या तशाच. खरखरीचे एका फळीवर, आवाज बसलेले दुसऱ्या फळीवर. आत काय बिघडलंय ते मी नंतर बघायचो."

मी म्हटलं, "त्याचं इथे काय?"

"इथे पण पोरगं येतं ते 'भौतिकशास्त्र द्या' म्हणत नाही ना. ते म्हणतं, आलेख काढायचाय."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी दारातच खुर्ची टाकली. आत येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायचे. गावाकडच्या मुलांना अहिराणीत, "तुले काय करनं शे?" आणि शहरातल्यांना मराठीत. उत्तर ते जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर लिहून घेत. उत्तरांत विषयाचं नाव क्वचितच आलं. सगळी क्रियापदं होती. त्यांतून सात घरं निघाली. आकडे मांडा. आलेख काढा. समीकरण सोडवा. रेणू पाहा. आकाश पाहा. नकाशा करा. अहवाल लिहा. चौसष्टांतले एकोणीस प्रोग्रॅम असे निघाले की ते कुणालाच कशासाठीच नको होते. ते मी मेनूतून लपवले. 'इतर' हा कप्पाच राहिला नाही.

फायली मी लिहिल्या, हे खरं आहे. एका ओळीत एक अर्धविराम राहून गेला म्हणून तारे दाखवणारा प्रोग्रॅम दोन दिवस गायब होता, आणि तो अर्धविराम मी शोधला, हेही खरं आहे. पेनड्राइव्ह घेऊन पंचवीस कॉम्प्युटरवर ते सगळं चढवलं चाचांनी. पण घरं कुणी शोधली, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही माहीत आहे.

मेनू चालला. मुलं आत येऊन बसायची आणि कामाला लागायची. ती शिंदखेड्याची मुलगी दिवाळीनंतर बाजूच्यांना सांगू लागली, कुठे काय आहे ते. माझ्या नऊ वर्षांतले तेवढे चार महिने मला कामावर जावंसं वाटायचं.

मग जळगावच्या एका कॉलेजातल्या परिसंवादाचं पत्रक आलं. आमच्या विभागप्रमुखांनी ते माझ्यापुढे ठेवलं. "तुमचं ते मेनूचं आहे ना, लिहून काढा. माझं नाव पहिलं टाका, म्हणजे स्वीकारतील." त्यांनी तो मेनू एकदाही उघडून पाहिला नव्हता. मी हो म्हटलं.

निबंधाच्या अर्जात लेखकांच्या नावांसाठी तीन रकाने होते. पहिल्यात सरांचं नाव गेलं, दुसऱ्यात माझं. तिसऱ्यात मी चाचांचं नाव लिहिलं होतं. लिहून त्याकडे बघत बसले. पुढे हुद्दा लिहायचा होता. सहायक प्राध्यापक, त्याखाली सहायक प्राध्यापक (तासिका), त्याखाली लॅब अटेंडंट. मला वाटलं, हे बघून लोक हसतील. लॅब अटेंडंटला सुचलेलं काम म्हणून माझं काम लहान दिसेल. मी ते नाव पुसलं. मला कुणी पुसायला सांगितलं नव्हतं. सरांना तर तो रकाना होता हेही ठाऊक नव्हतं. शेवटी आभारात मी एक ओळ टाकली, 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांच्या सहकार्याबद्दल ऋणी आहोत.'

चाचांनी छापील प्रत मागून घेतली. इंग्रजीवरून बोट फिरवत हळूहळू वाचली. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांचं बोट गेलं, तिथे थांबलं, आणि त्यांनी कागद सरळ करून मला परत दिला. "छपाई चांगली आलीय," म्हणाले.

परिसंवादात नुसतं वाचायचं नव्हतं, करून दाखवायचं होतं. म्हणून एक कॉम्प्युटर न्यायचा ठरला. सर त्यांच्या गाडीनं पुढे गेले. गाडीत त्यांचे पाहुणे होते, जागा नव्हती. मी आणि चाचा एसटीनं निघालो. पारोळा, एरंडोल करत जळगाव येईपर्यंत चाचांनी कॉम्प्युटरचा डबा मांडीवर धरला होता. रस्त्याचं काम चालू होतं, गाडी आदळत होती. प्रत्येक खड्ड्याला ते दोन्ही हातांनी डबा वर उचलत. मॉनिटर माझ्या पायांशी होता. मी म्हटलं, "खाली ठेवा ना." ते म्हणाले, "डिस्क जुनी आहे, मॅडम. धक्का बसायला नको."

सभागृहाच्या एका कोपऱ्यात आम्ही कॉम्प्युटर जोडला. लोक येऊन बघून जात होते. चाचा दाराशी उभे होते, कारण गळ्यात अडकवायचं कार्ड त्यांना मिळालं नव्हतं आणि कार्ड नसलेल्याला आत बसायला खुर्ची नव्हती. एका वयस्क बाईंनी, त्या दुसऱ्या विद्यापीठातून आल्या होत्या, माझा मेनू उघडून नीट पाहिला. मग चष्मा काढून मला विचारलं, "विषय सोडून क्रियापदं घ्यायची, हे फार छान आहे. हे सुचलं कसं तुम्हाला?"

नऊ वर्षांत मला कामाबद्दल कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

मी म्हणाले, "आमच्या भडगावला रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. लहानपणी मी तिथे बघायची. लोक 'कंडेन्सर बदला' म्हणत नाहीत, 'खरखर येते' म्हणतात. दुकानदार त्या तक्रारीप्रमाणे रेडिओ फळ्यांवर लावायचा. ते डोक्यात राहिलं होतं."

माझं माहेर भडगावचं आहे, एवढंच त्यातलं खरं. माझ्या लहानपणी भडगावात रेडिओचं दुकान होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. बाई म्हणाल्या, "वा! निरीक्षण म्हणतात ते हे." आजूबाजूचे पाच-सहा जण कौतुकानं हसले. मी मान वर केली तेव्हा चाचा दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडेच बघत होते. सहा-सात हातांचं अंतर होतं. माझा आवाज शिकवून शिकवून मोठा झालेला आहे.

परतीच्या गाडीत ते पुन्हा डबा मांडीवर घेऊन बसले. एरंडोल गेल्यावर म्हणाले, "चांगलं बोललात तुम्ही. घाबरला नाहीत." मी म्हटलं, "हो, जमलं." धुळं येईपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत होतो.

उन्हाळ्याआधी कॉलेजच्या तपासणीला समिती यायची होती. परिसंवादाचं प्रशस्तिपत्र पाहून प्राचार्यांना मेनूत रस आला आणि तो विषय विभागप्रमुखांच्या बैठकीत गेला. मला कोपऱ्यात खुर्ची दिली होती, टिपणं घ्यायला. रसायनवाले म्हणाले, मेनूत आमच्या विभागाचं नावच नाही, समितीला काय दाखवायचं? भौतिकवाले म्हणाले, आमचंही नाही. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी विचारलं, आमचे प्रोग्रॅम किती? मी म्हणाले, खास तुमचा असा एकच आहे. त्या म्हणाल्या, म्हणजे इतकी वर्षं आम्ही एका प्रोग्रॅमचा विभाग चालवतोय का? मग वर कोण आणि खाली कोण यावरून पाऊण तास गेला. अकारविल्हे लावू म्हटलं तर गणितवाल्यांना पटलं आणि वनस्पतीला पटेना. शेवटी विभागांच्या स्थापनेच्या क्रमानं लावायचं ठरलं. प्रत्येक विभागाचं नाव, त्याखाली प्रोग्रॅम. ज्यांच्याकडे कमी पडतील त्यांच्यात लपवलेल्या एकोणिसांतले भरायचे.

"दोन दिवसांत होईल ना, मॅडम?" सरांनी विचारलं.

"होईल," मी म्हणाले.

मी 'नाही' म्हणू शकले असते, असं आता लिहिणं सोपं आहे. मार्चनंतर जागेची जाहिरात येणार होती आणि सर निवड समितीवर असणार होते. मी दोन दिवसांत ती सात घरं मोडली. अर्धविरामासकट, काळजीपूर्वक. पेनड्राइव्ह चाचांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "आणि पोरं?"

"समिती येऊन जाऊ द्या, मग परत करू."

ते परत कधीच झालं नाही. समिती आली त्या दिवशी तासिकावाल्यांनी ग्रंथालयात बसायचं असं ठरलं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत सरांनी मेनू दाखवला. चाचा ट्रेमध्ये चहा घेऊन आत गेले होते. बाहेर पडून ते ग्रंथालयापाशी आले आणि मी काही न विचारताच म्हणाले, "आपले साहेब म्हणाले, ही माझी संकल्पना." आवाजात काहीच नव्हतं, राग नाही, टोमणा नाही. मला मात्र संताप आला. इतका की तिथेच, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, मी आवाज चढवला. माझं काम चोरलं, असं मी त्यांना, चाचांना, त्यांच्या तोंडावर म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि रिकामे कप विसळायला निघून गेले.

मुलाखतीत मला विचारलं, तुमचं स्वतंत्र योगदान सांगा. मी मेनूचं सांगितलं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी निबंधाची प्रत उलटली. "यात पहिलं नाव सरांचं दिसतंय."

"कल्पना आणि काम माझं होतं," मी म्हणाले.

तज्ज्ञांनी सरांकडे पाहिलं. सर पाण्याच्या ग्लासवरचं झाकण नीट बसवत होते. "मॅडमनी मदत केली होती, हो," ते म्हणाले. "मनापासून मदत केली होती."

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मुलगा हुशार होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. जूनमध्ये मला तास कमी केल्याचं कळवलं आणि मी जळगावला एका खाजगी क्लासमध्ये लागले. आता बारावीचं गणित शिकवते. तिथे मला टेबल आहे.

चाचा निवृत्त झाल्याचं मला कळलं ते तीन वर्षांनी. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, मुलाबाळांची चौकशी करायचे, कॉलेजचा विषय काढत नसत. त्या फोनवरच ओझरतं म्हणाले की आता घरीच असतो. मी पुढच्या रविवारी धुळ्याला गेले. मनाशी ठरवून गेले होते की सांगून टाकायचं. मला वाटत होतं, सांगितलं की माझं हलकं होईल. तेव्हा मी फक्त माझाच विचार करत होते, हे मला नंतर कळलं.

दुपार होती. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. चाचींनी चहा आणला, खारी आणली, आणि ओळख पटल्यावर म्हणाल्या, "या त्याच ना, जळगाववाल्या मॅडम? हे फार नाव काढतात तुमचं." मग त्या आत गेल्या. मी कप हातात धरून म्हणाले, "चाचा, त्या निबंधात तुमचं नाव असायला हवं होतं."

"जाऊ द्या. मोठ्या लोकांचं असतं ते. तुमच्या हातात काय होतं?"

"माझ्याच हातात होतं. तिसरा रकाना होता. मी नाव लिहिलं होतं आणि मीच पुसलं. सरांना माहीतही नव्हतं."



"आणि दुकानाचं?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, तिथे घाईत तुमच्या तोंडून गावाचं नाव चुकून गेलं."

"चुकून नाही."

आत भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. चाचांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "मग हे सांगायला यायला नको होतं तुम्ही, मॅडम," ते म्हणाले. "इतकी वर्षं घरात मी सांगत आलो की साहेबांनी आम्हा दोघांनाही फसवलं. आता हिला काय सांगू?"

 मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला समजलं नाही. "चहा घ्या," म्हणाले, "गार होतोय." मी तो गार झालेला चहा संपवला. चाची बाहेर आल्या नाहीत. निघताना चाचा दारापर्यंत आले, जळगावची गाडी कुठे लागते ते सांगितलं, आणि मी गल्लीच्या वळणावर पोचायच्या आत दार लावून घेतलं.

पुढच्या दिवाळीला त्यांचा फोन आला नाही. मी दोनदा नंबर काढला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला.